चित्राजवळ जाणे, चित्रात फिरणे : जुन्या समूह छायाचित्रांच्या वाचनाचा एक पाठ

आपल्या विद्यालयाच्या दप्तरात जी जुनी छायाचित्रे आहेत, त्यांतील बहुतेक समूह छायाचित्रे आहेत. पुढे खुर्च्यांवर पाहुणे व पदाधिकारी, त्यांच्या पायाशी जमिनीवर लहान मुले, मागे उभ्या विद्यार्थ्यांच्या दोन-तीन रांगा आणि सर्वांच्या मागे वसतिगृहाची भिंत, अशी त्यांची रचना असते. खाली नावे असतात ती बहुधा खुर्चीवरच्यांची. मागच्या रांगांचा उल्लेख ‘विद्यार्थी व कर्मचारी’ एवढ्याच शब्दांत आटोपलेला असतो. या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही व आमच्या नववीच्या विद्यार्थ्यांनी ही छायाचित्रे संगणकावर घेऊन वाचण्याचा उपक्रम केला. त्यात जे तंत्र वापरले, ते माजी विद्यार्थ्यांना व पालकांना आपापल्या घरी वापरता यावे, या हेतूने हा पाठ लिहीत आहोत.

तंत्र साधे आहे. चित्र मोठे करून पाहणे व मोठ्या झालेल्या चित्रात न हरवता फिरणे, एवढेच ते आहे. फोटो संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये लोक रंग बदलणे, डाग पुसणे, पार्श्वभूमी काढणे हे प्रथम शिकतात. पाहणे शिकायचे राहून जाते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र पाहण्यापासूनच आरंभ करावा.

प्रश्न नावाचा आहे

तंत्राकडे वळण्यापूर्वी हा खटाटोप कशासाठी, हे सांगितले पाहिजे. भारतात कॅमेरा आला आणि थोड्याच वर्षांत तो राज्यकर्त्यांच्या कामाला लागला. १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात या देशातील जाती-जमातींची छायाचित्रे आहेत. अनेक चित्रांखाली माणसाचे नाव नाही, जातीचे किंवा जमातीचे नाव आहे. समोर उभा असलेला माणूस तेथे माणूस म्हणून नव्हे, तर नमुना म्हणून उभा आहे.

आपल्या समाजाच्या वाट्याला कॅमेरा आला तो असा. पुढे बाबासाहेबांच्या चळवळीत परिषदा, सत्याग्रह, वसतिगृहे यांची छायाचित्रे निघू लागली, तेव्हा प्रथमच आपली माणसे स्वतःच्या इच्छेने, स्वतःच्या कार्यासाठी, ताठ मानेने कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. त्या छायाचित्रांतील मागची रांग निनावी राहिली, तर ती माणसे पुन्हा नमुनाच होतील. त्यांना ओळखणारे डोळे दर वर्षी कमी होत आहेत. म्हणून हे काम पुढच्या स्मरणिकेसाठी राखून ठेवण्यासारखे नाही.

आधी स्कॅनिंग

मोठे करून पाहायचे तर मुळात मोठे करण्याजोगे काही असले पाहिजे. मोबाईलने घाईत काढलेला फोटोचा फोटो या कामास पुरत नाही. सपाट काचेच्या स्कॅनरवर इंचाला ६०० बिंदू या प्रमाणात स्कॅन करावे. सहा बाय चार इंचांचे छायाचित्र असे घेतल्यास ३६०० बाय २४०० पिक्सेलांचे चित्र मिळते. पिक्सेल म्हणजे चित्राचा सर्वांत लहान चौकोनी ठिपका. त्याहून बारीक माहिती चित्रात नसते.

हिशेब करून पाहू. साठ माणसांच्या छायाचित्रात एकेक चेहरा सुमारे अर्धा सेंटिमीटर उंचीचा असतो. ६०० बिंदूंच्या स्कॅनमध्ये त्या चेहऱ्याला उभे सुमारे ११८ पिक्सेल मिळतात, ३०० बिंदूंच्या स्कॅनमध्ये त्याच्या निम्मे. नातवाला आजोबा ओळखता येतील की नाही, याचा निकाल अनेकदा एवढ्यातच लागतो. फाईल ‘टिफ’ किंवा ‘पीएनजी’ या प्रकारात ठेवावी. ‘जेपेग’ प्रकारातील फाईल पुन्हा पुन्हा जतन केल्यास बारकावे झिजतात. तीच फाईल व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवल्यास तिचे पिक्सेल कमी होतात, म्हणून ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी.

छायाचित्राची मागची बाजूही स्कॅन करावी. स्टुडिओचा शिक्का, शाईने लिहिलेली तारीख, कुणाच्या हातची दोन नावे तेथेच असतात. अल्बमला चिकटलेला फोटो मात्र ओढून काढू नये. तो अल्बमच्या पानासह स्कॅन करावा.

जवळ जाणे

आम्ही ‘गिम्प’ हे सॉफ्टवेअर वापरले. ते मोफत व मुक्त आहे. १९९५ साली अमेरिकेतील बर्कली येथील विद्यापीठात स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी त्याचा आरंभ केला आणि १९९६ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. ज्या साधनासाठी पैसे मोजावे लागत नाहीत आणि जे विद्यार्थ्यांच्या हातून घडले, ते वसतिगृहाच्या संगणक-कक्षात शोभून दिसते.

चित्र उघडले की ते बहुधा खिडकीत पूर्ण मावेल इतके लहान करून दाखवले जाते. खालच्या पट्टीवर टक्केवारी दिसते. ही टक्केवारी समजून घेणे हा या पाठाचा गाभा आहे. १०० टक्के म्हणजे चित्राचा एक पिक्सेल पडद्याच्या एका ठिपक्यावर. ५० टक्के म्हणजे चित्राचे चार पिक्सेल पडद्याच्या एका ठिपक्यात कोंबलेले, म्हणजेच बारकावे लपलेले. २०० टक्के म्हणजे एक पिक्सेल पडद्याच्या चार ठिपक्यांवर पसरलेला. ८०० टक्क्यांवर तो चौसष्ट ठिपक्यांवर पसरतो. तेथे चेहरा उरत नाही, करड्या चौकोनांची फरशी दिसते.

जवळ जाण्याचे मार्ग असे :

१. की-बोर्डवरील ‘१’ हा अंक दाबला की चित्र १०० टक्क्यांवर येते, ‘२’ दाबला की २०० टक्क्यांवर, ‘३’ दाबला की ४०० टक्क्यांवर.

२. अधिक व उणे या चिन्हांच्या कळांनी पायरी-पायरीने जवळ किंवा दूर जाता येते.

३. कंट्रोल दाबून माउसचे चाक फिरवले तर कर्सर जेथे आहे त्या जागेला धरून चित्र मोठे होते. म्हणून कर्सर आधी चेहऱ्यावर ठेवावा, मग चाक फिरवावे.

४. ‘झेड’ दाबले की भिंगाचे साधन हाती येते. त्याने चित्राच्या एखाद्या भागाभोवती चौकोन ओढला की तेवढाच भाग खिडकीभर होतो. कंट्रोल दाबून टिचकी मारली की तेच भिंग दूर नेते.

५. शिफ्ट, कंट्रोल व ‘जे’ या तीन कळा एकत्र दाबल्या की पूर्ण चित्र पुन्हा खिडकीत मावते.

विद्यार्थी येथे एक प्रश्न हमखास विचारतात : मोठे केल्याने फोटो बिघडत नाही ना? बिघडत नाही. झूम म्हणजे आपण चित्राजवळ जाणे. चित्र जेथे होते तेथेच व तसेच राहते. म्हणूनच सॉफ्टवेअरच्या ‘अनडू’च्या यादीत झूमची नोंद होत नाही. ‘स्केल इमेज’ ही आज्ञा मात्र अगदी वेगळी आहे. तिने चित्राचे पिक्सेलच बदलतात. हा भेद न कळल्यास मूळ पुरावा नष्ट होऊ शकतो. म्हणून मूळ फाईल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून काम नेहमी प्रतीवर करावे.

ज्यांच्याकडे फोटोशॉप आहे त्यांना हेच सारे थोड्या निराळ्या कळांनी करता येते. कंट्रोल व शून्य दाबले की पूर्ण चित्र, कंट्रोल व एक दाबले की १०० टक्के. भिंगासाठी तेथेही ‘झेड’च आहे.

न हरवता फिरणे

जवळ गेलो की नवी अडचण उभी राहते. ३६०० बाय २४०० पिक्सेलांचे चित्र १०० टक्क्यांवर आणले, तर १३६६ बाय ७६८ ठिपक्यांच्या साध्या पडद्यावर त्याचा जेमतेम आठवा हिस्सा मावतो. आपण एका खांद्यावर व दोन कानांवर येऊन थांबतो. हा खांदा कुणाचा, कोणत्या रांगेतला, हे कळेनासे होते.

‘उदान’ या पालि ग्रंथात सावत्थीच्या राजाची कथा आहे. त्याने जन्मांध लोकांना एकत्र करून हत्ती दाखवला. कुणाच्या हाती सोंड आली, कुणाच्या हाती पाय, कुणाच्या हाती शेपटी. प्रत्येकाने आपल्या हाती आलेल्या भागालाच हत्ती मानले आणि भांडण जुंपले. ज्याने त्याने आपापल्या जागेवरून जे सांगितले ते स्पर्शापुरते खरे होते. चूक होती ती भागाला पूर्ण समजण्यात. मोठे केलेले चित्र पाहणाऱ्याची अवस्था याहून वेगळी नसते.

त्यावर सॉफ्टवेअरने दिलेला उपाय म्हणजे नेव्हिगेशनची छोटी खिडकी. ‘विंडोज’ मेनूतील ‘डॉकेबल डायलॉग्ज’मध्ये ती सापडते. तिच्यात पूर्ण चित्र लहान आकारात दिसते आणि सध्या पडद्यावर असलेला भाग एका चौकटीने दाखवलेला असतो. चौकट ओढली की मोठे चित्र त्या जागी सरकते. ही खिडकी उघडायची नसल्यास चित्राच्या खिडकीच्या उजव्या-खालच्या कोपऱ्यात बाणांचे छोटे चिन्ह असते. ते दाबून धरले की तसेच छोटे चित्र तात्पुरते उमटते. फोटोशॉपमध्ये हेच काम ‘नेव्हिगेटर’ करतो.

हातानेही चित्र सरकवता येते. स्पेस-बार दाबून माउस हलवला किंवा माउसचे चाक दाबून धरून ओढले की चित्र कागदासारखे सरकते. नुसते चाक फिरवल्यास ते खाली-वर जाते, शिफ्ट दाबून फिरवल्यास डावी-उजवीकडे.

आणखी एक सोय फारशी कुणाला ठाऊक नसते. ‘व्ह्यू’ मेनूतील ‘न्यू व्ह्यू’ या आज्ञेने एकाच चित्राच्या दोन खिडक्या उघडतात. ‘विंडोज’ मेनूत ‘सिंगल-विंडो मोड’ची खूण काढली की त्या शेजारी-शेजारी ठेवता येतात. एकीत पूर्ण समूह ठेवावा, दुसरीत एकच चेहरा. आजीला शेजारी बसवून ओळख विचारायची असेल, तर ही मांडणी सर्वांत उपयोगी ठरते. नुसता मोठा केलेला चेहरा पाहून वृद्ध माणूस गोंधळतो. ‘हा कुणाच्या शेजारी उभा होता?’ हे दिसले की नाव ओठांवर येते.

तास घालावा तसे वाचन

मन मानेल तसे फिरल्यास डोळा ओळखीच्या चेहऱ्यांवरच पुन्हा पुन्हा जातो आणि कोपरे राहून जातात. त्यावर उपाय म्हणजे शेतकरी तास घालतो तसे वाचन. डाव्या-वरच्या कोपऱ्यापासून उजवीकडे जावे, एक पट्टा खाली उतरावे, उजवीकडून डावीकडे यावे. खिडकीत १२०० बाय ६०० पिक्सेल दिसत असतील, तर वरील मापाचे चित्र आडवे तीन व उभे चार अशा बारा थांब्यांत संपते. दोन थांब्यांच्या सीमेवरचा चेहरा तुटू नये म्हणून थोडा भाग दोन्हींत येऊ द्यावा. मग आडवे चार व उभे पाच असे वीस थांबे होतात. प्रत्येक थांब्यावर किमान एक मिनिट पाहावे. ‘व्ह्यू’ मेनूतून ‘शो ग्रिड’ निवडून चौकटीची जाळी चित्रावर आणली, तर लहान विद्यार्थ्यांनाही हे सहज जमते. ही जाळी केवळ दिसते. चित्रात उतरत नाही.

कर्सर चित्रावर असताना खालच्या पट्टीवर दोन आकडे दिसतात. डाव्या कडेपासून किती पिक्सेल व वरच्या कडेपासून किती पिक्सेल, हे ते सांगतात. ते वहीत लिहून ठेवावेत. ‘मागच्या रांगेतील डावीकडून सातवा’ यावर वाद होऊ शकतो, कारण रांगा वाकड्या असतात. दोन आकड्यांवर वाद होत नाही. मुंबईतला माजी विद्यार्थी व गावातला शिक्षक यांच्याकडे एकच फाईल असेल, तर दोघेही नेमक्या त्याच चेहऱ्यावर पोहोचतात. अट एवढीच, की फाईल कुणी कापलेली वा लहान-मोठी केलेली नसावी.

आमच्या नोंदवहीत प्रत्येक चेहऱ्यासाठी सहा रकाने आहेत : क्रमांक, दोन आकडे, नाव, ओळख कुणी सांगितली, कोणत्या दिवशी सांगितली, आणि ‘निश्चित’, ‘संभाव्य’ की ‘अज्ञात’. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. ‘अज्ञात’ लिहिण्यात कमीपणा नाही. चुकीचे नाव लिहिणे म्हणजे एका माणसाचे अस्तित्व दुसऱ्याच्या नावावर चढवणे होय.

या पद्धतीने काय हाती लागते, त्याचे एकच उदाहरण देतो. स्नेहसंमेलनाच्या एका छायाचित्रात साऱ्या रांगांच्या पलीकडे, स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीत एक स्त्री अर्धी दिसते. पूर्ण चित्रात ती दाराची सावलीच वाटते. चौथ्या थांब्यावर, १०० टक्क्यांत, तिच्या हातातली परात व डोक्यावरचा पदर दिसला. दोन माजी विद्यार्थ्यांनी, एकमेकांशी न बोलता, एकच नाव सांगितले : वसतिगृहात अनेक वर्षे भाकरी थापणाऱ्या बाईंचे. ते नाव कुटुंबीयांच्या संमतीने या अंकातील त्या छायाचित्राखाली प्रथमच छापले आहे. छायाचित्रकाराने तिला चौकटीत घेतले नव्हते. ती चौकटीत आली होती.

मोठे करण्याची मर्यादा

प्रत्येक वेळी जवळ गेल्याने अधिक दिसते असे नाही. जुन्या वृत्तपत्रातून कापलेले छायाचित्र मोठे करून पाहावे. तेथे चेहऱ्याऐवजी लहान-मोठे शाईचे ठिपके दिसतात, कारण छपाईत करडा रंग ठिपक्यांनीच साधलेला असतो. अशा चित्रात चेहरा पाहायचा तर मागे यावे लागते. नेमके किती अंतर योग्य, हे ज्याचे त्याने पुढे-मागे होऊन ठरवायचे असते.

त्यापुढे मोह सुरू होतो. ‘फोटो स्पष्ट करून देतो’ असे सांगणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता मोबाईलवर आली आहेत. पुसट चेहऱ्यात ती डोळे, दात, त्वचा भरतात. हे डोळे त्या माणसाचे नसतात. हजारो इतर चेहऱ्यांवरून बांधलेला तो अंदाज असतो. २०२० साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील संशोधकांच्या ‘पल्स’ या प्रणालीला बराक ओबामा यांचे मुद्दाम पुसट केलेले छायाचित्र दिले गेले, तेव्हा तिने त्यातून एका गोऱ्या माणसाचा चेहरा तयार केला. ज्यांचे चेहरे जगाच्या संग्रहात आधीच कमी, त्यांच्यावर असा अंदाज प्रथम अन्याय करतो, हे आपल्या समाजाने विशेष लक्षात ठेवावे. भिंतीवर लावण्यासाठी कुणी असे चित्र करून घेतले तर घ्यावे. ओळखीचा पुरावा म्हणून ते वापरू नये आणि मूळ फोटोच्या जागी ठेवू नये.

आणखी एक मर्यादा अशी, की चित्र कितीही मोठे केले तरी त्यातून तारीख निघत नाही. १९४२ च्या जुलैत नागपूर येथे अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली आणि २० जुलैला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिला परिषद झाली. बाबासाहेबांसोबत महिला प्रतिनिधी असलेले त्या वेळचे म्हणून एक छायाचित्र सर्वत्र दिसते. त्याच्याखाली मात्र अनेक ठिकाणी ८ जुलै १९४२ ही तारीख आढळते. परिषदेच्या तारखा १८ ते २० जुलै अशा असताना ८ तारीख कोठून आली, हा प्रश्न भिंगाने सुटणारा नाही. त्यासाठी अहवाल, पत्रके व त्या काळची वृत्तपत्रे पाहावी लागतात. चित्र प्रश्न उभा करते. उत्तरासाठी कागद व माणसे यांच्याकडेच जावे लागते. ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक लिहिताना चळवळीतील स्त्रियांच्या घरी जाऊन त्यांना बोलते केले. आपल्या कामालाही तोच आदर्श समोर ठेवावा लागेल.

कालामांना भगवंतांनी दिलेला उपदेश हाच आहे : ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, ग्रंथात आहे, एवढ्यावरून काही स्वीकारू नये. छायाचित्राखाली छापलेली ओळ त्याला अपवाद नाही आणि पडद्यावर दिसणारे चित्रही नाही.

आवाहन

माजी विद्यार्थी बंधू-भगिनींना आमची विनंती आहे. घरातील ट्रंकेत, देव्हारा काढून टाकून जेथे बुद्ध-बाबासाहेबांच्या प्रतिमा लावल्या त्या भिंतीवरच्या चौकटीमागे, आई-वडिलांच्या कागदपत्रांत विद्यालयाचे जे छायाचित्र असेल, ते घेऊन यावे. मूळ प्रत देण्याची गरज नाही. विद्यालयात स्कॅन करून ती त्याच वेळी परत केली जाईल. शक्य असल्यास सोबत घरातील वडीलधाऱ्या माणसांनाही आणावे. आमचे विद्यार्थी दोन खिडक्या उघडून, नोंदवही पुढे घेऊन त्यांच्याशेजारी बसतील. ज्यांना येणे जमणार नाही, त्यांनी वर सांगितल्याप्रमाणे घरीच चित्र उघडून चेहऱ्याचे दोन आकडे व नाव कळवावे. कुणाच्या कुटुंबाला नाव किंवा छायाचित्र छापणे नको असेल, तर तेही कळवावे. त्यांच्या इच्छेचा मान राखला जाईल.

हा लेख छापायला जाईपर्यंत आमच्या नोंदवहीत ‘अज्ञात’ असे लिहिलेल्या ओळी ‘निश्चित’ असे लिहिलेल्या ओळींपेक्षा अधिक आहेत. त्या प्रत्येक ओळीसमोर जागा कोरी ठेवली आहे.